श्रीमंत देश जागच्या जागी कसा बसवावा

तुमच्या हाती उद्या एखादा श्रीमंत देश लागला आणि तो तीस-पस्तीस वर्षं आहे तिथेच बसवून ठेवायचा असेल, तर मला विचारा. मी बारा वर्षं टोकियोत राहते. शिवाय गेल्या महिन्याभरात सहा घरमालकांनी मला नकार दिलाय. एवढा अधिकार पुरे.

सुरुवात शेअर बाजारापासून. 29 डिसेंबर 1989 ला निक्केई, म्हणजे जपानचा शेअर निर्देशांक, 38,915 वर न्यायचा आणि ती पातळी पुन्हा दिसायला फेब्रुवारी 2024 उजाडेल अशी चोख व्यवस्था करायची. त्या सुमारास जन्मलेली पोरं तोवर चौतिशीत पोचतात. पगारवाढ हा शब्द त्यांनी आजोबांकडून ऐकलेला असतो. इथे ‘गारीगारी-कुन’ नावाची बर्फाची कांडी मिळते. 25 वर्षांनी, 2016 मध्ये, तिची किंमत 60 येनांवरून 70 झाली, तर कंपनीतली साहेब मंडळी टीव्हीवरच्या जाहिरातीत ओळीने उभी राहून कमरेत वाकली. दहा येनांची माफी! पगार न वाढवल्याबद्दल कुणी वाकलेलं मी तरी पाहिलं नाही.

मुलं होऊ देऊ नका. 2024 मध्ये 6 लाख 86 हजार झाली; अजून कमी करता येतील.

फॅक्स मशीन टाकू नका.

माणसं कमी पडली की बाहेरून आणा, पण आणली असं म्हणू नका. ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणा. 1993 पासून हेच चाललंय. तुमच्या गरीब देशाला कौशल्य देतोय म्हणायचं आणि हिरोशिमात कालवं सोलायला बसवायचं. मालक बदलायची मुभा द्यायची नाही, म्हणजे पगार वाढवायचा प्रश्नच मिटतो. तीस वर्षांनी थोडी लाज वाटलीच, तर 2024 मध्ये कायदा करून योजनेचं नाव बदला आणि 2027 ची तारीख द्या. घाई कसली?

मंदी आली की पाहुण्यांना परतीच्या तिकिटाचे पैसे द्या. ‘आपल्याच रक्ताचे’ म्हणून 1990 च्या कायद्याने ब्राझीलहून जपानी वंशाच्या लोकांना बोलावलं. 2009 मध्ये, काम गेलेल्यांच्या हातावर माणशी 3 लाख येन ठेवले. अट एवढीच, की याच व्हिसावर परत यायचं नाही. असा यजमान शोधून सापडणार नाही.

आता घराचं. इथे मी जरा सविस्तर सांगते.

एजंट मुलगा गोड आहे, पंचविशीतला. माझ्यासमोर फोन लावतो आणि माझी पत्रिका वाचतो. कंपनी चांगली, पगार चांगला, नवरा-बायको आणि एक मुलगा, कायमच्या वास्तव्याचा परवाना, जपानी उत्तम. पलीकडून ‘हाय, हाय’ येतं. (म्हणजे ‘हो, हो’. मला हल्ली मराठी अर्थच जवळचा वाटतो.) मग तो आवाज खाली आणतो, तोंडापुढे तळहात धरतो आणि पुटपुटतो, ‘फक्त... गाइकोकुजिन आहेत.’ परदेशी. पलीकडे शांतता. फोन बंद. दोन्ही हातांची फुली करून तो ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणत वाकतो. असं सहा वेळा. सहाव्यांदा मीच त्याला म्हटलं, असू दे रे.

2023 च्या मोजणीत या देशात 90 लाख घरं रिकामी निघाली. नव्वद लाख! आमच्याच गल्लीत एक आहे. पत्रपेटीतून जाहिरातींचे कागद ओसंडतायत आणि वेल खिडकीतून आत शिरलाय. वेलाला हमीदार विचारला नसावा. आम्हाला हमी देणारी कंपनी लागते, तिची फी आम्हीच भरायची. वर ‘रेइकिन’, म्हणजे घर दिल्याच्या उपकाराखातर मालकाला महिन्याचं भाडं भेट, परत न मिळणारं. आपल्या पागडीची ही सभ्य धाकटी बहीण. न्याय मंत्रालयाच्याच 2017 च्या पाहणीत घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ 40 टक्क्यांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता, तेव्हा माझं काही विशेष नाही. याच आमच्या एदोगावा वॉर्डात 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. मतं मिळतात, भाड्याचं घर मिळत नाही.

पाचव्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. वृद्धाश्रमातूनच व्यवहार बघतात. एजंटने चुकून स्पीकर लावला होता. मागून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं, औषधाची वेळ झाली म्हणून. उच्चार माझ्यासारखाच, बाहेरचा. बाई तिला गोड आवाजात ‘आलेच हं’ म्हणाल्या आणि मला नाही म्हणाल्या.

अहो, म्हणजे तुमची औषधं आम्ही द्यायची, रात्री दोनला कोपऱ्यावरच्या दुकानात भाताचे गोळे आम्ही रचायचे, तुमच्या पेन्शनसाठी आमचा पगार कापायचा, आणि झोपायचं कुठे? त्या वेलाशेजारी? जुलै 2025 मध्ये ‘जपानी आधी’ म्हणणारा पक्ष वरच्या सभागृहात 14 जागा घेऊन गेला. कसली भीती वाटते तुम्हाला? आम्ही सगळे मिळून जेमतेम तीन-साडेतीन टक्के! बँकांनी बुडीत कर्जं वर्षानुवर्षं झाकून ठेवली, ती आम्ही झाकली? तिघांतल्या एका कामगाराला कंत्राटी केलं, ते आम्ही केलं? नफा तिजोरीत कोंबून पगार गोठवले, तेव्हा आम्ही इथे होतो तरी का? तीस वर्षं हात बांधून बसलात तुम्ही, आणि आता फोडणीच्या वासाने देश बुडतोय!

आणि हो, घरच्या ग्रुपवर ‘बघा, जपानने बाहेरच्यांना कसं घुसू दिलं नाही’ असा मेसेज फिरवणारा माझा कोथरूडचा मावसभाऊ. अरे, त्या बाहेरच्यांतली एक मी आहे. तुझ्या फ्लॅटच्या जाहिरातीतलं ‘फक्त शाकाहारी कुटुंब, बॅचलर नकोत’ पण वाचलंय मी. तू तर बोलूच नकोस.