शाळेत आरओ बसवला म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला का?

जिल्हा परिषद शाळांच्या पालकांमध्ये आणि देणगीदारांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. शाळेला आरओ यंत्र (बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणारे) मिळाले की मुलांच्या आरोग्याची काळजी संपली, टीडीएस जितका कमी तितके पाणी शुद्ध, आणि हात धुण्याचे म्हणाल तर तो निव्वळ सवयीचा भाग आहे, असा त्याचा आशय आहे. हेतू चांगला असला तरी यातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानक १०५०० नुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार स्वीकार्य आहेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. मुलांना जुलाब, कावीळ किंवा विषमज्वर होतो तो क्षारांमुळे नव्हे, जंतूंमुळे. आणि टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. मीटरवर ८० आकडा दाखवणारे पाणीही मलमिश्रित असू शकते.

यंत्रातून बाहेर पडताना पाणी शुद्ध असते, हे मान्य. परंतु यंत्रातील कार्बन गाळणीमुळे पाण्यातील जंतुनाशक क्लोरीनही निघून जातो, आणि पुढे हेच पाणी टाकीत किंवा पिंपात दिवसभर साठून राहिले, त्यात कोणी हात घालून पेला बुडवला, तर त्याला कसलेच संरक्षण उरत नाही. याउलट, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर योग्य प्रमाणात टाकली असेल आणि शाळेच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल, तर ते पाणी साठवणीतही बऱ्यापैकी सुरक्षित राहते. ओटी चाचणीत, म्हणजे नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे हे कळते. ही तपासणी सातवीची मुलेसुद्धा शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतात. टाकी शेवटची कधी धुतली, हा प्रश्न मात्र देणगीच्या कार्यक्रमात सहसा कोणी विचारत नाही.

आरओची खरी गरज जिथे आहे तिथे ती नाकारण्याचे कारण नाही. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात (जिथे भूजलच खारट आहे), किंवा यवतमाळ आणि चंद्रपूरमधील ज्या गावांत फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर जाते तिथे, क्लोरीन टाकून वा पाणी उकळून भागत नाही. इतरत्र मात्र, विशेषतः उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या गावात, बरेचसे पाणी वाया घालवणारे यंत्र बसवणे समर्थनीय वाटत नाही.

खर्चाचे गणितही पाहावे. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातूनच खडू, दुरुस्ती, वीजबिल आणि स्वच्छता सांभाळायची असते. दरवर्षी बदलाव्या लागणाऱ्या गाळण्या त्यात कशा बसवणार? पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. अशा निधीवर शाळेने ग्रामसभेत हक्क सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

राहिला हात धुण्याचा मुद्दा. साठ मुले, एक नळ आणि प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे खिचडीपूर्वी वीस मिनिटांची रांग. अशा ठिकाणी मुले हात न धुताच ताटावर बसतात, त्याला सवय जबाबदार नसते. मुलांच्या उंचीवर आडवा पाइप टाकून त्याला आठ-दहा तोट्या बसवल्या आणि साबण जाळीच्या पिशवीत बांधून टांगला, तर हेच काम दोन-तीन मिनिटांत उरकते, आणि शौचालयातून आलेल्या मुलालाही हात धुवायला जागा मिळते. देणगीदाराला यंत्राऐवजी असा हातधुणी कट्टा आणि वर्षभराचा साबण सुचवणे शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात आहे.