आधी कॅप्स लॉकचा दिवा बघा

लॅपटॉप हँग झाला की सरळ पॉवर बटण दाबून धरा, हा लॅपटॉप हँग होण्यावरच्या एका लेखातला पहिलाच सल्ला घाईचा वाटला. तो शेवटचा उपाय. आधी कॅप्स लॉक दाबा. दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, अडकलाय तो एखादा प्रोग्राम किंवा नुसता डिस्प्ले. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडा आणि त्या प्रोग्रामला घरी पाठवा. स्क्रीनच थिजली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीनवर चित्र आणणारा ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी फाइल सहसा जागच्या जागी राहते. दिवा हलतच नसेल तर मग धरा बटण, दहाएक सेकंद.

आणि उष्णतेबद्दल त्या लेखात अवाक्षर नाही? आमच्या गोव्यातल्या डिचोलीत मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, त्यात मुलगी लॅपटॉप गादीवर ठेवून व्हिडिओ बघणार, म्हणजे खालची हवेची जाळी बंद. सारखा अडकायचा. उघडला तर पंख्याच्या पात्यांवर तांबडी धूळ नुसती थापलेली. ती काढली आणि त्रास थांबला. दुकानदार मात्र रॅम वाढवायच्या गोष्टी करत होता!