निकाल आमच्या नालीचा, चर्चा त्यांच्या गडाची

आला नागपूर महापालिकेचा निकाल की झालं सुरू! प्रभागात कोण निवडून आलं हे कळायच्या आधीच टीव्हीवर 'गड राखला', 'गडाला खिंडार', 'दिल्लीत वजन वाढलं'. अरे बावा, मत आम्ही नालीसाठी दिलं होतं ना!

२०१७ ला महापालिकेत भाजपचे १५१ पैकी १०८ आले, तेव्हा म्हणे काँग्रेस संपली. या संपलेल्यांनीच जानेवारी २०२० ला जिल्हा परिषदेत ५८ पैकी ३० जागा घेतल्या. गडकरींच्या मूळ गावी, धापेवाड्यातही भाजप पडला. लगेच 'बालेकिल्ला ढासळला'! २०२४ ला गडकरी पुन्हा खासदार, फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री. मग ढासळलं काय होतं, पाटी?

आणि मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेव्हा हा गड कोणाचा होता, हे काहून नाही विचारत कोणी?

परवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एक काका चमचा हलवत मला पुढच्या विधानसभेचं गणित समजावत होते. तर्रीचे थेंब माझ्या शर्टवर. मी म्हटलं, काका, तुमच्या प्रभागात चार नगरसेवक कोण आले? काका गप्प. मग म्हणाले, "पक्ष पाहून चारही बटणं दाबली ना, नावं कोण पाहते!"

माझं तरी काय वेगळं? नाली तुंबली की चौघांपैकी फोन कोणाला लावायचा, ते अजून कळलेलं नाही. ज्याला लावावा तो म्हणतो, "तो भाग दुसऱ्यांकडे आहे, भाऊ."