‘हात कामातून जातो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लातूर-धाराशिवकडं बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “कॅन्सरमुळं स्तन काढला तर नवा बनवून घेऊ नका. त्यात हाताची नस तुटते, हात कायमचा कामातून जातो. मुंग्या आल्या तर विटेचा शेक घ्या. डॉक्टर हे सांगत नाहीत.” कापूस वेचणाऱ्या बाईला हात जाईल म्हटलं की ती पुढचं ऐकतच नाही.

नस तुटते? हाताला ताकद देणाऱ्या नसा (रक्ताच्या नव्हे, मज्जातंतू) मानेतून निघून काखेतून दंडात उतरतात. नव्या स्तनासाठी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवतात, नाहीतर पोटाची चरबी-कातडी किंवा पाठीचा स्नायू आणतात. त्यासाठी हाताच्या नसा कापायचं कारणच नाही. इजा होते, पण क्वचित, आणि ती बहुतेकदा ताणामुळं. भुलीखाली तासन्‌तास हात जास्त फाकलेला राहिला तर नस ओढली जाते. म्हणूनच टेबलावर हात काटकोनापलीकडं नेत नाहीत.

कायमचा? नुसती ताणलेली नस बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत सावरते. आतले तंतू तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. काखेपासून बोटापर्यंत मोजून बघा. काहींची ताकद पूर्ण येत नाही, हेही खरं.

मुंग्या आणि बधिरपणा बहुतेकदा कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यामुळं येतो. दंडाच्या आतल्या बाजूची बारीक नस तिथं दुखावते किंवा कापावीच लागते. नवा स्तन न करणाऱ्या बायकांनाही हे होतं. भिंतीला दोन्ही तळवे लावून ढकलताना खांद्यामागचा एकच खवाटा पंखासारखा बाहेर आला, तर दुखावलेली असते तीसुद्धा बहुधा काखेजवळचीच नस. मेसेजवाल्यानं एका ऑपरेशनचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलंय.

डॉक्टर सांगत नाहीत? यात तथ्य आहे. कागदावर सही घेतात, पण नव्या स्तनाला स्पर्श फारसा कळत नाही, हे घाईत राहून जातं. सहीआधी खोदून विचारा.

सगळ्यात वाईट सल्ला शेकाचा. बधिर कातडीला चटका कळत नाही; फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. वीट सोडाच, गरम पाण्याच्या पिशवीनंही नवा स्तन भाजल्याच्या नोंदी आहेत. आणि ऑपरेशननंतर मनगट उचलत नसेल, तांब्या हातातून निसटत असेल, तर संभाजीनगर असो की बार्शी, जिथं ऑपरेशन झालं तिथं त्याच दिवशी कळवा. पुढच्या तारखेची वाट बघू नका.