घबराट म्हणजे गॅस? एका फिरत्या मेसेजला मुद्द्यांनी उत्तर

इंदूरच्या मराठी मंडळांच्या, भिशीच्या, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. गोषवारा असा: ‘घबराहट हा आजारच नाही. गॅस वर चढून हृदयावर दाब देतो म्हणून धडधड होते. ओवा आणि काळं मीठ घ्या. झटका आलाच तर कागदी पिशवीत खोल खोल श्वास घ्या. जिथे जीव घाबरतो तिथे जाऊच नका. मानसिक डॉक्टरांच्या गोळ्या एकदा लागल्या की आयुष्यभर सुटत नाहीत. आपल्या आजी-आजोबांना कुठे होती ॲन्झायटी? मन खंबीर ठेवा.’ शेवटी हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

यातला ओवा निरुपद्रवी आहे. बाकीच्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

‘गॅस हृदयावर दाब देतो’

जठर आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटल हा स्नायूंचा पडदा असतो. गॅसला वर चढून हृदयापर्यंत जायला वाटच नाही. छातीत जळजळते ते जठरातलं आम्ल अन्ननलिकेत उलटं आल्याने, आणि तेही बहुधा जेवण झाल्यावर किंवा आडवं पडल्यावर. पॅनिक अटॅकची चाल वेगळी असते. काही मिनिटांतच तो शिगेला पोचतो: धडधड, घाम, थरथर, श्वास अपुरा पडणं, गरगरणं, हातापायांना मुंग्या, आणि ‘आता मी मरतो’ किंवा ‘मला वेड लागतंय’ अशी खात्री. निदानाच्या यादीत अशी १३ लक्षणं आहेत. त्यातली किमान ४ एकदम उसळली तर तो पॅनिक अटॅक. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत तो ओसरतो, ओवा खा की न खा.

मग ढेकर आली की बरं का वाटतं? घाबरलेला माणूस भराभर श्वास घेताना हवाही गिळतो. पोट फुगतं, ढेकरा येतात. म्हणजे गॅस हा झटक्याचा परिणाम, आपण त्यालाच कारण ठरवतो. ज्या शहराची सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि रात्र सराफ्याच्या खाऊबाजारात सरते, तिथे पोटावर आळ घेणं सोपंही पडतं.

खरा धोका उलट बाजूने आहे. पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, दुखणं जबड्याकडे, डाव्या हाताकडे किंवा पाठीत जात असेल, जिने चढताना वाढत असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर ना गॅस समजायचं ना घबराट. १०८ ला फोन करायचा आणि ईसीजी काढायचा. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांमध्ये हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखता, नुसता दम लागून किंवा मळमळून येतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर काही तासांनी रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) पुन्हा तपासतात ते उगाच नाही. त्याच सुमारास टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर बघून घ्यावी. थायरॉइड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं, साखर उतरलेली असली, दम्याचा पंप जास्त मारला गेला किंवा दिवसाला सात-आठ कप चहा होत असला, तरी अशीच धडधड होते.

एकदा हे सगळं तपासून झालं की थांबायचं. दर पंधरा दिवसांनी नवा ईसीजी काढणाऱ्याला चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी ‘त्यांनी नीट पाहिलं असेल ना?’ सुरू होतं.

‘कागदी पिशवीत खोल खोल श्वास’

एका ओळीत दोन चुका. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ श्वास घेतो. झटक्यात हा आकडा २५-३० पर्यंत जातो. ऑक्सिजन कमी पडलेला नसतो; बोटाला ऑक्सिमीटर लावा, ९८-९९ दिसेल. घटलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड. तो जास्त बाहेर गेला की रक्त अल्कधर्मी होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं, आणि रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरतं म्हणून ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. कधी बोटं आपोआप वाकडी होतात. अशा माणसाला ‘खोल श्वास घे’ सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

पिशवीने कार्बन डायऑक्साइड परत येतो हे खरं. पण हाच दम हृदयविकाराचा किंवा दम्याचा असेल तर पिशवीत ऑक्सिजन घटून जीवावर बेतू शकतं, आणि दम कशाचा आहे हे त्या घाईत घरच्यांना ओळखता येत नाही. म्हणून ती पद्धत आता सांगत नाहीत.

करायचं असं: तोंड मिटून नाकाने, ४ मोजेपर्यंत छोटा श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. एक हात पोटावर ठेवा. हलायला पोट हवं, खांदे नकोत. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. हे झटक्याच्या वेळी पहिल्यांदा करून बघाल तर जमणार नाही. आधी दोन-तीन आठवडे रोज दोनदा दहा-दहा मिनिटं, एरवी शांत असताना करून ठेवा.

अपवाद एक. रक्त किंवा सुई पाहून ज्यांना भोवळ येते त्यांचा रक्तदाब आधी थोडा वाढून मग झपकन कोसळतो. त्यांनी अंग सैल सोडायचं नाही, आवळायचं: हात, पाय, पोट १०-१५ सेकंद ताणून धरा, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग २०-३० सेकंद थोडं सोडा, असं पाच वेळा. टोचून घ्यायच्या हातापुरतं तेवढं सैल ठेवा.

‘जिथे जीव घाबरतो तिथे जाऊच नका’

ऐकायला मायेचा वाटतो, पण पूर्ण मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. राजवाड्याच्या गर्दीत एकदा झटका आला. पुढच्या वेळी राजवाडा टाळला. लगेच सुटल्यासारखं वाटलं. ती सुटका हेच मेंदूला मिळालेलं बक्षीस. ‘टाळलं म्हणून वाचलो’ एवढाच धडा तो घेतो, आणि काही महिन्यांत सिटी बस, लग्नाचा हॉल, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकानही यादीत येतं. पुढच्या झटक्याची धास्ती किंवा ही टाळाटाळ महिनाभर टिकली की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. झटका स्वतः तितका अपंग करत नाही जितकी ही यादी करते.

उपचार नेमका उलट दिशेने चालतो आणि पायरी पायरीने चालतो. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे आणि शिडी लिहून काढायची. समजा, कृष्णपुरा छत्र्यांपाशी सकाळी एकट्याने उभं राहणं ३०. राजवाड्यासमोर आडवारी दुपारी ४५. सिटी बसने दोन थांबे ५५. त्याच बसने राजवाडा ते भंवरकुआं ७०. रविवारी रात्री दहाला सराफ्याच्या ऐन गर्दीत, बाहेर पडायची वाट दिसत नाही अशा जागी, ९०. पहिल्या पायरीपासून सुरुवात. जाण्याआधी एक ओळ लिहायची: ‘मला काय होईल असं वाटतंय?’ उदाहरणार्थ, चक्कर येऊन पडेन. मग तिथे थांबायचं, भीती अर्ध्यावर येईपर्यंत किंवा ती ओळ खोटी ठरल्याचं दिसेपर्यंत. बहुधा ३०-४५ मिनिटं लागतात. आठवड्यातून चार-पाचदा तीच पायरी, आणि ती कंटाळवाणी झाली की पुढची.

बिनसतं कुठे? बहुतेकदा कुबड्यांपाशी. खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, कानाला लावलेला फोन, बरोबर आई. माणूस सराफ्यात तासभर काढून येतो आणि मेंदू श्रेय बाटलीला देतो. दुसरी चूक, भीती टिपेला असताना घरी परतणं. त्याने यादी आणखी पक्की होते. म्हणून पहिली पायरी हमखास थांबता येईल इतकी सोपी ठेवावी.

धडधडीचीच भीती असेल तर ती मुद्दाम आणतात: मिनिटभर जिन्यावर चढउतार, फिरत्या खुर्चीत गरगर, बारीक स्ट्रॉमधून श्वास. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हे सगळं सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीत येतं. आठवड्याला एक अशी साधारण १२ ते १५ सत्रं लागतात. गप्पा कमी, गृहपाठ जास्त.

‘गोळ्या आयुष्यभर सुटत नाहीत’

इथे दोन वेगळ्या जातीच्या गोळ्या एका डब्यात टाकल्यात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या गटातल्या गोळ्यांची चटक लागत नाही. अनेकदा सुरुवात ५ किंवा २५ मिलिग्रॅमसारख्या छोट्या डोसने होते. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या दहा-पंधरा दिवसांत मळमळ, बेचैनी थोडी वाढूही शकते. बरेच जण नेमके तिथेच ‘मानवली नाही’ म्हणून सोडतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे या दिवसांत घरच्यांनी जास्त लक्ष द्यावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग काही आठवडे-महिन्यांत हळूहळू उतरवतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. त्याला सवय नाही, घाई कारण असते.

सवय लागते ती अल्प्राझोलामची. अर्ध्या तासात उतारा पडतो म्हणून ती आवडते. नेमाने घ्यायची तर दोन ते चार आठवड्यांपलीकडे सहसा नेऊ नये, आणि महिनोन्महिने घेऊन एकदम थांबवली तर फिटही येऊ शकते. ती आधीच चालू असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून उतरवून घ्या. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत: केमिस्टने चिठ्ठी पाहून रुग्णाचं नाव वहीत उतरवायचं आणि ती नोंद तीन वर्षं ठेवायची. गंमत अशी, की ‘मानसिक गोळ्या नकोत’ म्हणणाऱ्याच घरात मावशींची अल्प्राझोलाम ०.२५ ची पट्टी काकूंकडे बिनदिक्कत जाते.

‘आजी-आजोबांना कुठे होती?’

होती. चौकात जायची भीती बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली नाव देऊन मांडली. त्याच वर्षी जेकब दा कोस्टा यांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या, छाती धडधडणाऱ्या सैनिकांची वर्णनं छापली. मोबाइल तेव्हा कुठे होता? आणि मराठीत पोटात गोळा, छातीत धडकी, काळजात धस्स, हातपाय गळणं, तोंडचं पाणी पळणं हे वाक्प्रचार कोणी आणले? आजीनेच. नुसतं नाव नव्हतं, किंवा ‘अंगात आलंय’ हे नाव होतं.

खरा घोळ ‘घबराहट’ या एका शब्दाचा आहे. सहा महिने, बहुतेक दिवस, साध्या गोष्टींची न आवरणारी काळजी, त्यात थकवा, चिडचिड, मान-खांदे आखडणं, झोप उडणं, हे एक. चारचौघांत बोलताना हसं होण्याची धास्ती, हे दुसरं. नको ते विचार घुसतात म्हणून चाळीसदा हात धुणं, म्हणजे ओसीडी, आणि अपघातानंतर महिन्यांनीही तेच दृश्य दिसून दचकणं, ही तर २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणात चिंताविकारांपासून वेगळ्या प्रकरणात गेली. ओसीडीत घरच्यांनी दर वेळी ‘हात स्वच्छ आहेत हो’ म्हणत राहिलं तर तेही एक कर्मकांड होऊन बसतं.

‘मन खंबीर ठेवा’

कसं, ते मेसेजात नाही. बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाचं नाव निघालं की घरात आवाज खाली येतो, पण एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत चिठ्ठी काढूनही सुरुवात करता येते. तेही जड वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. पॉलिसीत ते कलम शोधा.

तपासण्या आधीच होऊन गेल्यात आणि घरात कुणाला तोच ओळखीचा झटका आला, तर चौघांनी घेरून वारा घालू नये. एकाने शेजारी बसावं, ‘श्वास हळू सोड, मी इथेच आहे’ एवढं म्हणावं आणि घड्याळात वेळ बघून ठेवावी. ओवा द्यायचाच असेल तर एका खेपेला द्या, दुसऱ्या खेपेला देऊ नका. दोन्ही वेळचे आकडे फ्रिजवर लिहून ठेवा.