पावसात टायरची हवा कमी करू नका

पावसाच्या तोंडावर आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोय: 'घरगुती कॉम्प्रेसर (गाडीच्या बॅटरीवर चालणारं हवा भरायचं छोटं यंत्र) वापरू नका, गाडीची बॅटरी उतरते, मीटर खोटा असतो. हवा पंपावरच भरा, टायरवर छापलीय तेवढी भरा. पावसाळ्यात पाच कमी ठेवा, पकड वाढते.' तिघांनी तो मला पाठवला. शेवटचं वाक्य वाचून जीव धसकला, म्हणून सुरुवात तिथूनच.

हवा कमी असली की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही, त्यावर तरंगतो. नासाने 1960च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग केले, त्यातून एक सूत्र निघालं. त्यात 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) घातले तर टायर ताशी 95 किलोमीटरच्या आसपास तरंगतो, 28 घातले तर 88च्या. खाचांच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण हवा उतरली की धोका आधी येतो, हे त्यालाही चुकत नाही. गोव्यात पेडण्याकडे महामार्ग 66वर भर पावसात गाड्या कशा पळतात ते आपण रोज बघतो. वाळूत रुतलेल्या जीपची हवा काढतात, हे खरं. पण ती वाळू, हा डांबरी रस्ता.

टायरवर छापलेले 44 किंवा 51 ही त्या टायरची कमाल मर्यादा. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवर असतो, सामान भरलेल्या गाडीचा वेगळा. एका पंपावर मला एकदा 44 भरून दिली होती. घरी येईपर्यंत गाडी प्रत्येक खड्ड्यात उडत होती.

आता 'पंपावरच' हा हट्ट. स्टिकरवरचा आकडा, समजा 33, हा थंड टायरचा, म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरून पंप दहा किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत टायर तापतो आणि मीटर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पोरगा 'जास्त आहे' म्हणून हवा सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायरात 33च्या जागी 29-30 उरतात. थंड टायर मिळतो तो आपल्या अंगणात, सकाळी. कॉम्प्रेसर मी घेतला तो याचसाठी.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. कॉम्प्रेसर साधारण 10 अँपिअर ओढतो. पाच मिनिटांत एक अँपिअर-तासही होत नाही, आणि छोट्या गाडीची बॅटरी 35ची असते. चारही टायर भरायचे तर इंजिन चालू ठेवा, पण बंद गॅरेजात नको, धुरातला वायू जीव घेतो.

मीटरबद्दल मात्र निरोपात तथ्य आहे. स्वस्त मीटर एक-दोन पीएसआय चुकतो, म्हणून वेगळा पेन-गेज, म्हणजे पेनासारखा दाब मोजायचा मीटर, ठेवा.

भरताना आधी व्हॉल्व्हची टोपी काढून त्यातली लाल माती पुसा, नाहीतर ती आत जाऊन व्हॉल्व्ह गळायला लागतो. पाइप सोडताना फुस्स करून थोडी हवा जातेच, म्हणून 33 हवे असतील तर 34वर थांबा आणि गेजने पाहून 33वर आणा. दहा मिनिटांच्या वर मशीन सलग चालवू नका, पाइपचं पितळी तोंड हात भाजेल इतकं तापतं.