बेडकाचं आर्थिक वर्ष

आंबोलीचा पट्टेरी भेक विज्ञानाच्या दप्तरी 2009 साली लागला. पावसाच्या पहिल्या दणक्याला तो सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, येतो, मोजके दिवस कोकलतो, अंडी घातली की गडप. सरकारी वर्ष मात्र 31 मार्चला संपतं. या दोघांची पत्रिका जुळवणं म्हणजे संशोधन, अशा मताला मी आलो आहे. भेक मोजणं त्यातलं सोपं काम.

अनुदान मागायच्या प्रस्तावात अंदाजपत्रक लागतं. हेडटॉर्च 'नॉन-रिकरिंग' (एकदाच घ्यायची वस्तू), तिचे सेल 'कन्झ्युमेबल' (वापरून संपणारे). टॉर्च डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या वहीत, चढते. सेलचे पैसे संपले तर टॉर्चच्या खर्च-शीर्षातले वापरायला वरून लेखी परवानगी. गमबूट कशात घालायचे (पायांखेरीज), हे कुणी सांगत नाही. गुपचूप 'कंटिन्जन्सी'त, म्हणजे किरकोळ खर्चात, सरकवावेत. 'उपकरणे' लिहिलंत तर माप आठच का, असा ऑडिटचा शेरा येतो.

प्रवासाचं बिल ही आणखी दुर्मिळ जात. रात्री दोनला चौकुळहून परत आणणारा जीपवाला पैसे घेतो. पावती मागितली की आपल्याकडे भेकासारखाच बघतो.

अभयारण्यात शिरायचं तर 1972 च्या कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, म्हणजे अर्ज नागपूरला. परवानगी देणारा प्रकल्पाचं मंजुरीपत्र मागतो, प्रकल्पाला मंजुरी देणारा परवानगी. अशा वेळी अर्ज केल्याची पोच दोन्हीकडे जोडावी. पोच हा फार गुणी कागद आहे.

अनुदानाचा हप्ता फेब्रुवारीत पडला की खरेदीची धांदल. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर सगळ्यांत स्वस्त तो 'एल-वन', त्याचाच माल घ्यायचा. रेकॉर्डरच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'वॉटरप्रूफ' लिहायचं राहिलं, तर सभेतली भाषणं टिपणारा येतो आणि आंबोलीत पहिल्याच रात्री जलसमाधी घेतो.

मग जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) 12-अ नमुन्यातलं, पैसे कुठे गेले ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र: आपली, वित्त अधिकाऱ्यांची आणि संस्थाप्रमुखांची सही, तिघंही एकाच आठवड्यात गावात असतील तर. खात्यावर पडलेलं व्याज भारतकोश या केंद्र सरकारच्या भरणा पोर्टलवर भरायचं, सत्तेचाळीस रुपये असले तरी. ती पावती नाही, तर पुढचा हप्ता नाही.

राहिला जेआरएफ, म्हणजे प्रकल्पावरचा कनिष्ठ संशोधक. दरमहा 37,000 अधिक घरभाडं भत्ता, रात्रभर पाण्यात उभं राहण्याची तयारी. जाहिरातीची फाईल जूनच्या पहिल्या आठवड्यात कुलसचिवांच्या टेबलावर पोचते. आंबोलीत तेव्हा भेक ओरडत असतात.